हात सोडून उडणारं विमान: प्रकल्प नोंदी

३ डिसेंबर

वाचनालयाच्या विज्ञान दिन प्रदर्शनात (२८ फेब्रुवारी) यंदा मला एक टेबल मिळालं. गेल्या वर्षी त्याच टेबलावर खायच्या सोड्याचा ज्वालामुखी होता. मी सांगितलं, एका माणसाचं काम मांडणार आहे, एडवर्ड टेशमेकर बस्क. समितीत कुणी नावच ऐकलेलं नव्हतं, त्यामुळे विरोधही झाला नाही.

काय करायचं ते ठरलं. बी.ई.२सी या १९१४ च्या इंग्रजी विमानाचं मॉडेल, पण शोकेसमध्ये ठेवायचं नाही, उडणारं. इंजिन नको, नुसतं ग्लायडर. हातातून सुटल्यावर त्याला कुणी सावरायचं नाही, त्याने स्वतःच सावरायचं. बस्कने आयुष्यात जे केलं ते एवढंच, आणि ते करताना तो २८ व्या वर्षी गेला.

भाच्याला (अकरावी, सुरीवर हात छान, अभ्यासावर यथातथा) मदतीला घेतलं आहे. बहिणीची परवानगी रविवारपुरतीच.

७ डिसेंबर

प्रमाण १:१६ धरलं. खऱ्या विमानाचे पंख टोकापासून टोकापर्यंत ३७ फूट, म्हणजे ११.२८ मीटर. आपले ७०.५ सेंटिमीटर. लांबी २७ फूट ३ इंच, आपली ५२ सेंटिमीटर. वरचा पंख खालच्यापेक्षा २ फूट पुढे सरकलेला, आपल्याकडे ३.८ सेंटिमीटर. पंख मुळापासून टोकाकडे साडेतीन अंश वर उचललेले. मॉडेलमध्ये टोक जेमतेम दोन सेंटिमीटर वर येतं, डोळ्याला धड दिसतही नाही.

भाचा: "मावशी, एवढ्याशाने काय फरक पडणार?"

मी म्हटलं, नोंद करून ठेव, जानेवारीत परत विचार.

सामान: बाल्सा (अगदी हलकं लाकूड, महाग, जपून), शेपटीसाठी डेप्रॉनची (पातळ फोमची) शीट, पंखांमधल्या खांबांसाठी उदबत्तीच्या काड्या. बांबूची काडी याहून सरळ आणि हलकी बाजारात मिळत नाही. मसाला खरवडायला वेळ लागतो आणि घरभर मोगरा दरवळतो.

११ डिसेंबर

रात्री माहितीफलकाचा पहिला मजकूर लिहायला बसले. दोन परिच्छेद होईतो अकरा वाजले.

बस्क केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात यंत्रशास्त्र शिकलेला. जून १९१२ मध्ये फार्नबरोच्या सरकारी रॉयल एअरक्राफ्ट फॅक्टरीत सहायक अभियंता म्हणून लागला. फॅक्टरी म्हणायला, पण नवी विमानं बनवण्याची तिला सुरुवातीला परवानगीच नव्हती. तिचं जुनं नाव बलून फॅक्टरी. विमानांच्या बाबतीत तिने दुरुस्ती तेवढी करायची. मग १९११ मध्ये एका ड्यूकने दिलेलं मोडकं व्हॉयसँ विमान दुरुस्तीला घेतलं आणि "दुरुस्ती" होऊन बाहेर पडलं ते भलतंच, बी.ई.१. जुन्यातलं ६० अश्वशक्तीचं इंजिन तेवढं राहिलं होतं. ज्याने सरकारी खात्यात एकदा तरी टिपणी पुढे सरकवली आहे त्याला ही युक्ती समजावून सांगायला नको.

ते बी.ई.१ काढलं जेफ्री डी हॅव्हिलंडने. डिझायनरही तोच आणि ४ डिसेंबर १९११ ला पहिल्यांदा उडवणाराही तोच. त्यानेच पुढे बस्कला विमान चालवायला शिकवलं. त्या काळात आराखडा काढणारा आणि त्यात बसून मान मोडण्याची जोखीम घेणारा हे दोन वेगळे पगार नव्हते.

१४ डिसेंबर

पंखांच्या फासळ्या कापल्या, ४४. त्यातल्या ६ बाद.

भाचा कापत होता तेव्हा मी त्याला ब्रायनची गोष्ट सांगितली. जी. एच. ब्रायन हा बँगरच्या कॉलेजातला गणिताचा प्राध्यापक. १९११ मध्ये त्याने विमानाच्या स्थैर्यावर पुस्तक काढलं. विमान सरळ जाताना त्याला थोडा धक्का बसला तर पुढे काय होईल, हे त्याने समीकरणांत बसवलं. नाक वर-खाली होण्याची गती एका बाजूला, कुशीवर होणं आणि वळणं दुसऱ्या बाजूला, आणि दोन्हीकडे एकेक चतुर्घाती (चौथ्या घाताचं) समीकरण. त्याची मुळं, म्हणजे उत्तरं, काढा. सगळ्यांचे वास्तव भाग ऋण आले तर धक्का आपोआप विरतो. एक जरी धन आलं तर तो वाढत जातो.

तीस वर्षं मी हे फळ्यावर शिकवलं. मुळं काढायची, चिन्ह बघायचं, उत्तराखाली दोन रेघा मारायच्या. ते चिन्ह चुकलं तर कुणीतरी मरतं, हे वर्गात कधी मनात आलं नाही.

ब्रायनच्या समीकरणांत अक्षरं होती, आकडे नव्हते. आकडे काढले टेडिंग्टनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत लेनर्ड बेअरस्टोने, वाऱ्याच्या बोगद्यात छोटी मॉडेलं ठेवून. तरीही बोगद्यातलं मॉडेल ते मॉडेलच. खऱ्या विमानाला, खऱ्या हवेत हे लागू पडतं का? ते पाहायला कुणीतरी वर जायला हवं होतं, आणि त्याला समीकरणही यायला हवं होतं, विमानही. १९१२ मध्ये अशी माणसं इंग्लंडात एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. बस्क त्यातला एक.

भाच्याने एवढं ऐकून विचारलं, "मग त्याला भीती नाही वाटायची?" मला माहीत नाही, म्हणाले. तो म्हणाला, "मला वाटली असती," आणि पुढची फासळी कापायला घेतली.

२१ डिसेंबर

खालचे पंख जुळवले. डायहेड्रलसाठी (पंखांच्या त्या साडेतीन अंशांच्या उचल-कोनासाठी) टोकाखाली काड्यापेट्या रचल्या. एक पेटी कमी पडली.

२८ डिसेंबर

काही केलं नाही. बहिणीकडे पाहुणे.

४ जानेवारी

वरचे पंख, मधले खांब. उदबत्तीच्या १६ काड्या उभ्या करायच्या म्हणजे दोन हातांचं काम नाही, चार हातही पुरत नाहीत. भाच्याने कपडे वाळत घालायचे चिमटे आणले. सुटलं.

१४ जानेवारी

संक्रांत. पंखांवर चढवायला पतंगाचा कागद आणला, कोपऱ्यावरच्या दुकानदाराने "आता या वयात?" असं विचारलं. खऱ्या विमानावर लिननचं कापड असे आणि त्यावर सेल्युलोजचा लेप, तो वाळताना कापड ढोलासारखं ताणतो. आमच्या कागदावर पाणी फवारलं तर तो ताणण्याऐवजी सुरकुतला. पुन्हा काढला. दुसऱ्यांदा कोरडाच, पातळ केलेल्या फेव्हिकॉलने कडेकडेने चिकटवला. बरा बसला. रंग मातकट पिवळा निवडला. लाल मिळत होता पण नको वाटलं.

वजन १०१ ग्रॅम.

१८ जानेवारी

पहिली फेक. पुण्यातली एआरएआय टेकडी, सकाळी पावणेसात. वारा पूर्ण पडलेला. उतारावर वाळलेलं गवत आहे, त्यामुळे पडलं तरी लागत नाही, पण कुसळं घरी आल्यावर तासभर काढत बसले.

पहिल्या फेकीत नाक वर, थांबलं, धप्पकन खाली, परत वर, परत धप्प. जिन्यावरून उतरल्यासारखं. गुरुत्वमध्य फार मागे. नाकात ४ ग्रॅम प्लॅस्टिसिन (मुलांची खेळायची माती), मग ७, मग ९. नवाला पायऱ्या गेल्या आणि मॉडेल सरळ उतारावरून खाली गेलं, सहा सेकंद.

आता वजन ११० ग्रॅम. नाकातलं ओझं म्हणजे वाया घालवलेलं वजन, असं भाच्याला वाटतं. सांगितलं की उलट आहे. वजन पुढे आणि आडवी शेपटी पंखापेक्षा जरा कमी कोनात, ही जोडी जमली की नाक उठल्यावर शेपटीला जास्त उचल मिळते आणि ती नाक खाली आणते. नाक झुकलं की उलट. शेपटी सतत दुरुस्ती करत असते आणि वैमानिकाला कळतही नाही.

मुद्दाम जोरात फेकून पाहिलं. आता नाक उठतं, वेग मंदावतो, नाक हळूच झुकतं, वेग येतो, पुन्हा उठतं, पण दर वेळी कमी. लाटेवरून होडी जावी तसं. या हेलकाव्याला फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज मोटारगाडीवाल्या अभियंत्याने १९०८ मध्ये "फ्यूगॉइड" असं ग्रीक वळणाचं नाव दिलं. एका हेलकाव्याला किती वेळ लागेल हे साध्या गुणाकारात निघतं, वेग मीटर प्रतिसेकंदात घ्यायचा आणि ०.४५ ने गुणायचं. मॉडेलचा वेग साधारण ४.५, म्हणजे दोन सेकंद. मोबाइलच्या चित्रीकरणात मोजले, दोनच. ताशी ६० मैलांनी जाणाऱ्या खऱ्या विमानाला १२ सेकंद. मी उगीचच फार खूश झाले. टेकडीवर फिरायला येणाऱ्या एका काकांना थांबवून हे सांगितलं, ते "वा वा" म्हणून पुढे गेले.

२५ जानेवारी

आज सगळं बिनसलं.

प्रदर्शनात दुरून दिसावी म्हणून शेपटीची उभी फिन मापापेक्षा बरीच मोठी केली होती. बारीकसा वारा होता. मॉडेल जरा डावीकडे झुकलं, डावीकडे वळलं, वळण घट्ट होत गेलं, आणि नाक खाली घालून गिरकी घेत जमिनीत. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा उजवीकडे, पण तेच. दोन खांब मोडले.

वहीत चित्र काढून भाच्याला समजावलं. पंख झुकला की विमान त्या बाजूला घसरतं, हवा बाजूने येते. साडेतीन अंश उचललेल्या पंखांमुळे खालच्या बाजूच्या पंखाला हवा जास्त कोनातून लागते आणि तो वर ढकलला जातो. हा झाला सावरणारा. त्याच वेळी शेपटीची फिन वातकुक्कुटासारखी वागते आणि नाक घसरणीच्या दिशेला वळवते. वळताना बाहेरचा पंख वेगाने जातो, त्याला जास्त उचल मिळते, म्हणजे झुकणं वाढतं. फिन मोठी असली की ही दुसरी बाजू जिंकते.

भाचा गप्प बसून म्हणाला, "म्हणजे ते दोन सेंटिमीटर." हो, तेच दोन सेंटिमीटर.

१ फेब्रुवारी

फिन कापून अगदी चिंचोळी केली. आता गिरकी नाही, पण मॉडेल डावीकडे-उजवीकडे डुलत, शेपूट झाडत जातं, उसाने भरलेल्या बैलगाडीसारखं. हीसुद्धा ब्रायनच्या समीकरणातली एक मुळांची जोडी. एका मुळाला शांत करायला गेलं की दुसरं उठतं.

बस्कचं खरं काम नेमकं या जागेवर होतं. १९१३ मध्ये आर.ई.१ नावाच्या विमानावर तो पंखांचा उचल-कोन, फिनचं क्षेत्रफळ, पंखांची पुढे-मागे मांडणी बदलत गेला आणि उडवून पाहत गेला, वर्षअखेरीपर्यंत विमान आपलं आपण सावरू लागलं. तेच ज्ञान पुढच्या वर्षी बी.ई.१ नंतरच्या बी.ई.२ वर चढवलं. जुने, पिळून वळवायचे पंख गेले, चारही पंखांना बिजागरीचे एलेरॉन (मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या) आले, डायहेड्रल आला, वरचा पंख पुढे सरकला, आडवी शेपटी नवी, रडरपुढे (शेपटीच्या सुकाणूपुढे) लहान त्रिकोणी फिन. ते बी.ई.२सी.

आम्ही टेकडीवर कात्रीने जे दोन रविवार केलं ते त्याने स्वतः आत बसून केलं. आमची गिरकी गवतात संपते.

८ फेब्रुवारी

जमलं. फिन अखेर खऱ्या विमानाच्या मापाचीच केली. (शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाने काढलेलं माप सुरुवातीलाच मान्य केलं असतं तर दोन रविवार वाचले असते, पण मग भाच्याला काही कळलं नसतं. मलाही.) अकरा फेकी, अकराही सरळ. मुद्दाम एक पंख खाली धरून सोडलं, तरी दहा-बारा मीटरांत समतल. सर्वांत लांब ९ सेकंद.

फलकाचं शीर्षक आज सुचलं. भाचा टेकडीवरून उतरताना सायकलचं हँडल सोडून गेला. ओरडले, पण नंतर वाटलं, हेच तर! चालती सायकल हात सोडून चालवता येते कारण तिची रचनाच स्वतःला सावरणारी असते. १९१० चं विमान हात सोडून चालवायचं तर देवाचं नाव घ्यावं लागे. जून १९१४ मध्ये सेफ्टन ब्रँकर नावाच्या सैन्याधिकाऱ्याने बी.ई.२सी फार्नबरोहून नेदरेव्हनला नेलं, सुमारे ४० मैल. दोन हजार फुटांवर गेल्यावर त्याने विमान चालवायचा दांडा सोडला आणि वाटेत खालच्या मुलखाचा टेहळणी अहवाल लिहीत बसला. पुन्हा दांडा धरला तो उतरताना. ब्रँकर काही कसलेला वैमानिक नव्हता, आणि मुद्दा तोच होता. (हाच ब्रँकर १९३० मध्ये हिंदुस्थानकडे निघालेल्या आर-१०१ या हवाई जहाजाच्या (वायूवर तरंगणाऱ्या अवाढव्य फुग्याच्या) अपघातात गेला. तो फलकावर घेणार नाही, विषय फाटेल.)

११ फेब्रुवारी

आज समितीतले एक जण घरी येऊन मजकूर वाचून गेले. दोन आक्षेप.

पहिला: "मी वाचलंय, हे विमान वाईट होतं. जर्मनांनी पाडलं ना धडाधड?" खरं आहे. १९१५ च्या उन्हाळ्यात पंख्याच्या पात्यांमधून गोळ्या झाडणारी फोकर विमानं आली. बी.ई.२सी सरळ, संथ जायला बनवलेलं, धक्का बसला तरी मूळ मार्गावर येणारं. ज्याला जीव वाचवायला झटकन वळायचं आहे त्याच्यासाठी हा गुण म्हणजे बेडी. त्यात निरीक्षक पुढच्या जागेवर, भोवती पंख, खांब, तारा, त्याने बंदूक रोखायची कुठे? १९१६ मध्ये ब्रिटिश संसदेत यावरून खडाजंगी झाली. तरीही बी.ई.२ मालिकेची साडेतीन हजारांच्या आसपास विमानं बनली, आणि त्यात दोष असलाच तर कारखान्यातून तेच मॉडेल काढत राहणाऱ्यांचा. बस्कला १९१२ मध्ये सैन्याने जे मागितलं होतं ते त्याने दिलं. टेहळणी करणाऱ्याने खाली बघावं, विमानाकडे नाही.

आणि हेच शांत विमान रात्री कामाला आलं. अंधारात क्षितिज दिसत नाही, तेव्हा आपोआप समतल राहणारं विमान हवं असतं. ३ सप्टेंबर १९१६ च्या पहाटे विल्यम लीफ रॉबिन्सनने लंडनच्या उत्तरेला जर्मन हवाई जहाज पाडलं ते बी.ई.२सी मधूनच. रॉबिन्सन जन्मला आपल्याकडे, कर्नाटकातल्या कोडगूमध्ये (कूर्ग). हे फलकावर घेते.

दुसरा आक्षेप: "आपल्याकडच्या लोकांना याचं काय?" तेव्हा उत्तर दिलं नाही.

१२ फेब्रुवारी

उत्तर रात्री आठवलं. कुत-अल-अमारा. मेसोपोटेमियात (आजच्या इराकात) डिसेंबर १९१५ पासून तुर्कांनी वेढलेली ब्रिटिश हिंदुस्थानी फौजेची सहावी डिव्हिजन ही पूना डिव्हिजन होती, तिच्यात मराठा पलटणी होत्या. अन्न संपत आलं तेव्हा एप्रिल १९१६ मध्ये विमानांतून पिठाची पोती टाकली गेली. वेढलेल्या फौजेला आकाशातून रसद पोचवण्याचा हा पहिला मोठा प्रयत्न, आणि त्या विमानांत बी.ई.२सी होती. धान्य दळायला जात्याचे दगडही विमानातूनच टाकले होते. रसद पुरली नाही, २९ एप्रिलला कुत पडलं, आणि कैदेत गेलेल्यांपैकी अनेक परतले नाहीत.

सातारा-कोल्हापूरकडच्या एखाद्या शिपायाने मान वर करून जे विमान पाहिलं असेल, त्याच्या पंखांना हेच साडेतीन अंश होते. समितीतल्या गृहस्थांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, हे सगळ्यात वर घ्या. वर नाही, पण घेते.

१५ फेब्रुवारी

शेवटचा परिच्छेद तीन वेळा लिहिला, तीन वेळा खोडला.

५ नोव्हेंबर १९१४, संध्याकाळ. बस्क एकटाच बी.ई.२सी घेऊन फार्नबरोजवळच्या लॅफन्स प्लेन या मैदानावर उडत होता. विमानाने हवेतच पेट घेतला. विमानातून उडी टाकायला पॅराशूट त्या काळी वैमानिकांना देतच नसत.

स्थैर्याचा यात काही संबंध नव्हता. पंख, फिन, शेपटी, ज्यांच्यावर त्याने दोन वर्षं घालवली, त्या सगळ्यांनी आपलं काम चोख केलं. पेट्रोल आणि आग हे त्याच्या समीकरणात नव्हतंच.

ऑल्डरशॉटला सैनिकी इतमामात दफन. १९१५ मध्ये एरोनॉटिकल सोसायटीने मरणोत्तर सुवर्णपदक दिलं, त्याआधी ते राइट बंधूंना मिळालं होतं. ब्रायनलाही ते त्याच सुमारास मिळालं. कागदावरच्याला आणि हवेतल्याला एकच पदक, हे मला आवडलं. धाकटा भाऊ हान्स नौदलाच्या हवाई दलात वैमानिक होता, तो जानेवारी १९१६ मध्ये तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या मोहिमेत मरण पावला. वडील आधीच वारलेले. दोन्ही मुलांची चरित्रं आईने लिहिली.

भाच्याने मजकूर वाचला आणि विचारलं, आगीचं वाक्य लहान मुलांच्या प्रदर्शनात ठेवायचं का. ठेवायचं, पण एकच वाक्य.

२२ फेब्रुवारी

टेकडीवर शेवटची चाचणी. वारा जास्त. मॉडेल एका बाभळीत अडकलं, भाचा काटे लावून घेऊन आला. खालच्या उजव्या पंखाला बोटभर चीर. पतंगाच्या कागदाचं ठिगळ लावलं, रंग किंचित वेगळा दिसतो, राहू दे.

२७ फेब्रुवारी

मॉडेल टांगायचं नाही असं ठरलं. सभागृहात व्यासपीठावरून मुलांना फेकू द्यायचं. समितीला वाटतं मोडेल. मोडेलच. फक्त आम्हाला फेकता आलं तर मॉडेल सावरतं की आम्ही, हे कुणाला कळणार नाही.

उद्या न्यायचं: फलक दोन, मॉडेल, सुटी मोठी फिन (गिरकी दाखवायला), सुटी चिंचोळी फिन (डुलणं दाखवायला), सेलोटेप, प्लॅस्टिसिन, उदबत्तीच्या तीस काड्या, चिमटे. भाच्याला साडेआठला यायला सांगितलं आहे. सायकल हात धरून चालव, हेही.